हरिकेन सेंटरची फुकट सेवा : नकाशा कमी बघा, मजकूर जास्त वाचा

सेवा: अमेरिकेच्या नॅशनल हरिकेन सेंटरचं संकेतस्थळ, हरिकेन्स डॉट गव्ह (अटलांटिकमधल्या जोरदार चक्रीवादळांना हरिकेन म्हणतात). किंमत: शून्य डॉलर, म्हणजे आपण कर भरतो तेवढीच. हंगाम: १ जून ते ३० नोव्हेंबर. माझे गुण: पाचांपैकी साडेचार. अर्धा गुण कुठे कापला ते पुढे येईलच.

मी ह्यूस्टनच्या नैऋत्येला, शुगर लँडमध्ये राहते. २००८चं आयक, २०१७चं हार्वी आणि २०२४चं बेरिल, तिन्ही वादळं इथूनच काढली. टीव्हीवर बाह्या वर करून उभे राहणारे निवेदक, यूट्यूबवरचे आरडाओरडा करणारे आणि महिन्याला पैसे मागणारी ॲप, सगळे फिरून फिरून एकाच ठिकाणचे अंदाज दाखवतात. ते ठिकाण म्हणजे मायामीला फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीच्या आवारात असलेलं हे केंद्र. मग मूळ माल सोडून दलालाकडे कशाला जायचं? वादळाच्या प्रत्येक वयात या संकेतस्थळाचं वेगळं पान कामाला येतं, म्हणून बेरिलच्या जन्मापासून शेवटापर्यंत ही पानं कशी वापरता येतात ते सांगते.

पहिलं पान 'आउटलुक'चं. अटलांटिकच्या नकाशावर पिवळे, केशरी, लाल डाग आणि कुठे कुठे फुली. पुढच्या सात दिवसांत वादळ तयार होण्याची शक्यता ४० टक्क्यांहून कमी असेल तर पिवळा, ४० ते ६० असेल तर केशरी, त्याच्या वर लाल. २०२३च्या आधी हा अंदाज पाचच दिवसांचा असायचा. हंगामात तो दिवसातून चार वेळा येतो, आमच्या घड्याळात रात्री १, सकाळी ७, दुपारी १ आणि संध्याकाळी ७.

ऑगस्ट-सप्टेंबरात या डागांची रांग थेट आफ्रिकेपासून लागते. उन्हाळ्यात सहारा तापतो आणि त्याच्या दक्षिणेला गिनीचा किनारा त्या मानाने थंड, दमट राहतो. या तफावतीमुळे काही किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाऱ्याचा झोत वाहतो आणि त्या झोतात लाटा उठतात. वर्षाला साधारण ६० लाटा आफ्रिका ओलांडून समुद्रावर येतात. बहुतेक नुसता पाऊस पाडून विरतात. ज्यांचं वादळ व्हायचं त्यांना बरंच काही जुळून यावं लागतं. पाणी निदान २६.५ अंश सेल्सिअस हवं, तेही वरवरचं नव्हे तर खोलवर तापलेलं. खालच्या आणि वरच्या वाऱ्यांत फार फरक नको, नाहीतर ढगांचा मनोरा उभा राहण्याआधीच तिरका होतो. मधल्या उंचीवर हवेत ओलावा हवा. शिवाय विषुववृत्तापासून थोडं अंतर हवं, कारण पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला जे वळण मिळतं ते विषुववृत्तावर मिळत नाही. सहाराची कोरडी धूळ आत शिरली की लाट मान टाकते. जून-जुलैत ती धूळ आमच्यापर्यंतही येते, गाडीच्या काचेवर बसते, आकाश दुधाळ दिसतं. सगळे दम्याच्या नावाने कुरकुरतात आणि मी मनात म्हणते, राहा बाई अजून थोडे दिवस.

आउटलुकचं मोठं दुखणं म्हणजे डागाचा आकार. डाग सांगतो की वादळ कुठे *जन्मू* शकेल. लोक समजतात वादळ तिथे *धडकणार*. मेक्सिकोच्या आखातात एखादा पिवळा डाग टेक्सासच्या किनाऱ्याला टेकला की आमच्या मराठी ग्रुपवर पाण्याच्या बाटल्यांचे फोटो सुरू. खाली दिलेला चार ओळींचा मजकूर वाचला तर निम्मी घबराट तिथेच संपेल, पण चित्र पुढे पाठवलं जातं, ओळी नाहीत.

बेरिलची लाट २०२४च्या जूनच्या शेवटच्या आठवड्यात आली. खुल्या अटलांटिकच्या त्या भागात जूनमध्ये सहसा काही घडत नाही, कारण पाणी तेवढं तापलेलं नसतं. त्या वर्षी ते सप्टेंबरात असावं तसं तापलं होतं. २८ जूनला ट्रॉपिकल डिप्रेशन टू (म्हणजे अजून कमी वाऱ्याचं, नाव न मिळालेलं, नुसत्या क्रमांकाचं वादळ), त्याच रात्री वारा ताशी ३९ मैलांच्या वर गेला म्हणून नाव, आणि २९ला ताशी ७४ मैल ओलांडून हरिकेन. कॅरिबियन बेटांपर्यंत पोचेतो ते हरिकेन होईल, हे केंद्राने पहिल्याच अंदाजात लिहिलं होतं. जूनमध्ये असं विधान करायला हिंमत लागते.

डिप्रेशनला क्रमांक मिळाला की आउटलुकचं काम संपतं आणि दर सहा तासांनी बुलेटिनं निघू लागतात: पहाटे ४, सकाळी १०, दुपारी ४, रात्री १०. किनाऱ्याला इशारा लागला की अधल्यामधल्या वेळीही. २०१७पासून एक चांगली सोय झाली आहे. वादळ अजून जन्मलेलंही नाही पण दोन-तीन दिवसांत जमिनीवर येऊ शकतं, अशा वेळी 'पोटेन्शियल ट्रॉपिकल सायक्लोन' म्हणून आधीच बुलेटिन सुरू होतं. पूर्वी नियमानुसार वादळ तयार होईपर्यंत थांबावं लागे आणि किनाऱ्यावरच्या लोकांचे मोलाचे तास जात.

आता सगळ्यात प्रसिद्ध वस्तू, म्हणजे तो पांढरा शंकू, 'कोन'. अर्धा गुण मी इथेच कापला. कोनबद्दल तीन गोष्टी बहुतेकांना माहीत नसतात, आणि चित्र बघून त्या कळतही नाहीत. तो वादळाचा आकार दाखवत नाही, फक्त मधला बिंदू कुठून जाऊ शकतो ते दाखवतो. गेल्या पाच वर्षांत केंद्राचे अंदाज किती चुकले त्यावरून त्याची रुंदी ठरते, त्यामुळे एका हंगामातल्या सगळ्या वादळांना एकाच मापाचा कोन मिळतो, मग वादळ सरळमार्गी असो की चंचल. आणि ती रुंदी अशी ठरवलेली असते की तीनपैकी दोन वेळा मधला बिंदू आत राहावा. म्हणजे तिसऱ्या वेळी तो बाहेर जाणार, हे गृहीतच आहे. वारा, पाऊस आणि समुद्र तर कोनच्या बाहेर शेकडो मैल पसरलेले असतात. "आपण कोनच्या बाहेर आहोत" या वाक्यावर निर्धास्त होणारी सुशिक्षित माणसं मी दर हंगामात बघते. २००२पासून हे चित्र आहे आणि इतक्या वर्षांत त्याचा हाच गैरसमज टिकून आहे, तर दोष नुसता वाचकाचा म्हणता येणार नाही. २०२४ला त्यांनी जमिनीच्या आतल्या भागांचे इशारेही रंगवणारी प्रायोगिक आवृत्ती काढली. ती बरीच बरी आहे.

कोनवर टीका करून त्यांच्या कामावर अन्याय नको म्हणून हेही सांगते: मार्गाच्या अंदाजात ही मंडळी थक्क करतात. २०२४चा हंगाम त्यांच्या इतिहासात मार्गाच्या अंदाजाबाबत सर्वांत अचूक ठरला. बेरिल कॅरिबियनमध्ये असताना मधली रेषा ईशान्य मेक्सिको आणि टेक्सासच्या दक्षिण टोकाकडे जात होती. मग ती हळूहळू उत्तरेला सरकत टेक्सासच्याच किनाऱ्यावरच्या मॅटागोर्डापर्यंत आली. चित्र बघणाऱ्याला वाटलं, यांचं काही ठरत नाही. मजकूर वाचणाऱ्याला कारण कळत होतं: वादळाला पश्चिमेकडे ढकलणारा उंच दाबाचा पट्टा किती टिकेल आणि उत्तरेकडून येणारी कमी दाबाची घळ त्याला किती लवकर उत्तरेकडे वळवेल, यावर सगळं अवलंबून होतं, आणि तो तोल उत्तरेच्या बाजूने कलत होता.

हा मजकूर म्हणजे 'फोरकास्ट डिस्कशन'. माझ्या मते संपूर्ण संकेतस्थळावरचा सर्वोत्तम पदार्थ, आणि त्याचा दुवा सापडायला बारीक नजर लागते. चित्र नाही, रंग नाही, टंकलेखन यंत्रावर बडवल्यासारखी अक्षरं. पण दर सहा तासांनी एक जबाबदार माणूस चार-पाच परिच्छेदांत सांगतो की वादळ आत्ता कसं दिसतंय, वादळात पाठवलेल्या विमानाला काय सापडलं, संगणकाचं कुठलं मॉडेल काय म्हणतंय, त्यातलं कुठलं आपल्याला पटत नाही आणि का. खाली स्वतःच्या आडनावाची सही. "आत्मविश्वास नेहमीपेक्षा कमी आहे" असं सरकारी कागदावर लिहिणारी दुसरी कचेरी मला माहीत नाही. एक खोड मात्र आहे. डिस्कशनमध्ये वारा नॉटमध्ये आणि जनतेसाठीच्या बुलेटिनमध्ये तोच वारा मैलांत. १०० नॉट म्हणजे ११५ मैल. दोन्ही पानं एकाच वेळी उघडणारा नवा वाचक हमखास गोंधळतो.

वादळ भरात आलं की डिस्कशन वाचायला खरी मजा येते (मजा हा शब्द वादळ अजून लांब असेतोच). बेरिल ३० जूनला चौथ्या श्रेणीत गेलं (वाऱ्याच्या जोरावरून हरिकेनच्या एक ते पाच श्रेणी करतात), जूनमध्ये तोवर कधीच न घडलेली गोष्ट. मग रात्रीतून थोडं उतरलं आणि लगेच पुन्हा चढलं. बातम्यांमध्ये "वादळ कमजोर" असं आलं. डिस्कशनमध्ये खरी गोष्ट होती. समुद्रावरून उठलेली वाफ वर जाऊन पुन्हा पाणी होते, उष्णता सोडते, मधला दाब घसरतो, आणखी हवा आत ओढली जाते. मध्ये हवा खाली उतरते म्हणून डोळा स्वच्छ दिसतो, आणि सगळ्यात भयंकर वारा डोळ्याला लागून असलेल्या ढगांच्या भिंतीत असतो. जोरदार हरिकेनमध्ये कधी कधी या भिंतीबाहेर दुसरं कडं तयार होतं, आतल्या भिंतीचा दाणागोटा तोडतं आणि शेवटी तिची जागा घेतं. तेवढ्या वेळात कमाल वारा उतरतो, पण वादळाचा पसारा वाढतो. म्हणून असं उतरणं ऐकून निश्चिंत व्हायचं नसतं. १ जुलैला बेरिल चौथ्या श्रेणीचं होऊन ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावर धडकलं आणि त्या रात्री पाचव्या श्रेणीत गेलं. अटलांटिकच्या नोंदीत इतक्या लवकर पाचवी श्रेणी कुणी गाठली नव्हती. आधीचा विक्रम २००५च्या एमिलीचा, तोही जुलैच्या मध्यावरचा.

ही माहिती उपग्रहाने जेवढी मिळते तेवढीच विमानांनी मिळते. मिसिसिपीतल्या बिलॉक्सीच्या कीसलर तळावरून हवाई दलाच्या राखीव तुकडीची विमानं जातात. शिवाय हवामान खात्याच्या मूळ संस्थेची, 'नोआ'ची, दोन जुनी ओरायन विमानं आहेत, कर्मिट आणि मिस पिगी नावाची, फ्लोरिडात लेकलँडला राहणारी. ती थेट डोळ्यातून आरपार जातात आणि खाली उपकरणं सोडतात. ती उपकरणं छोट्या छत्रीने उतरताना दाब, आर्द्रता आणि वारा कळवतात. या उड्डाणांचा कच्चा डेटाही संकेतस्थळावर पडतो. तो वाचणं माझ्या कुवतीबाहेरचं, पण डिस्कशनमध्ये "विमान नुकतंच केंद्रातून गेलं" असं असेल तर त्या अंदाजाला मी जास्त वजन देते.

मार्गाच्या मानाने वाऱ्याच्या जोराचा अंदाज अजून लंगडा आहे, विशेषतः वादळ झपाट्याने वाढतं तेव्हा. २४ तासांत ताशी ३५ मैलांची वाढ झाली की त्याला 'रॅपिड इंटेन्सिफिकेशन' म्हणतात. २०२४च्या ऑक्टोबरात मिल्टन आखातात एका दिवसात पहिल्या श्रेणीतून पाचव्या श्रेणीत गेलं. ते जोराने वाढेल हे केंद्राने सांगितलं होतं. इतकं वाढेल हे नाही.

समोरची शेजारीण मूळची लुइझियानातल्या लेक चार्ल्सची. २०२०च्या लॉराने तिच्या माहेरचं छप्पर नेलं. तरी दर वेळी तिचा एकच प्रश्न: "कॅटेगरी किती?" इंजिनिअर हर्बर्ट सॅफिर आणि केंद्राचे तेव्हाचे संचालक रॉबर्ट सिम्पसन यांची ही मोजपट्टी फक्त वाऱ्याची आहे. २०१०ला तिच्यातून समुद्राच्या उंचीचे आकडे अधिकृतपणे काढून टाकले, आणि ते बरंच केलं. आयक गॅल्व्हेस्टनला आलं तेव्हा दुसऱ्या श्रेणीचं होतं. पण पसारा एवढा प्रचंड की वाऱ्याने ढकललेला समुद्र बोलिव्हर द्वीपकल्पावर १५ ते २० फूट चढला आणि घरांच्या ओळीच्या ओळी पुसून गेला. हार्वी रॉकपोर्टजवळ चौथ्या श्रेणीचं म्हणून आलं. आम्हाला बुडवलं तेव्हा ते नुसतं ट्रॉपिकल स्टॉर्म, म्हणजे हरिकेनच्या खालच्या पायरीवरचं होतं, एका जागी रेंगाळलेलं. टेक्सासमधल्याच नीदरलँड गावात ६०.५८ इंच पाऊस पडला. आणि हेच हार्वी आठवडाभर आधी कॅरिबियनमध्ये विरून नुसती लाट उरलं होतं, मग आखाताच्या तळाशी पुन्हा जिवंत झालं. त्याचं नाव बुलेटिनमधून गेलं तरी आउटलुकवरचा डाग गेला नव्हता. म्हणून सांगते, 'वादळ संपलं' असं ऐकलं तरी आउटलुक बघणं सोडू नका.

वादळ दोन-तीन दिवसांवर आलं की माझ्या उपयोगाची पानं बदलतात. 'वॉच' म्हणजे वादळी वारा साधारण ४८ तासांत येऊ शकतो, 'वॉर्निंग' म्हणजे ३६ तासांत येणार असं धरून चाला. त्याहून कामाचं एक चित्र आहे, ज्याची जाहिरात कुणीच करत नाही: ताशी ३९ मैलांचा वारा तुमच्या गावी लवकरात लवकर कधी पोचू शकतो याचा नकाशा. शिडीवर चढायचं काम, पेट्रोल, अंगणातल्या कुंड्या, सगळं त्या वेळेच्या आत संपवायचं असतं, डोळा किनाऱ्यावर येईल तेव्हा नव्हे. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी 'स्टॉर्म सर्ज'चा, म्हणजे वाऱ्याने जमिनीवर ढकललेल्या समुद्राचा नकाशा बघावा. तो जमिनीपासून किती फूट पाणी चढेल ते सांगतो, त्यामुळे डोक्यात आकडेमोड करावी लागत नाही. सर्जचे वेगळे इशारे २०१७पासून सुरू झाले. आयकच्या वेळी ते नव्हते.

बेरिल मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पावर टुलुमजवळ आपटून दुबळं झालं. आखातात आलं तेव्हा कोरड्या हवेने त्याला काही काळ जखडून ठेवलं, आणि किनाऱ्याला लागता लागता त्याने पुन्हा जोर धरला. ८ जुलैला पहाटे मॅटागोर्डाजवळ पहिल्या श्रेणीचं हरिकेन म्हणून ते जमिनीवर आलं. "पहिलीच तर श्रेणी" म्हणणाऱ्यांसकट २० लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली, आणि त्यामागून जुलैचं ऊन आलं. आमच्याकडेही अंधारच होता. वीज कंपनीचा नकाशा धड चालत नव्हता, म्हणून लोक व्हॉटाबर्गरच्या ॲपवर कुठली दुकानं उघडी आहेत ते बघून कुठे वीज आहे याचा अंदाज बांधत होते. हरिकेन सेंटरचा यात काही संबंध नाही, पण बर्गरवाल्यांना या परीक्षणात एक तारा बहाल.

जमिनीवर आलं की वादळाचं इंधनच तुटतं, कारण खाली गरम पाणी नसतं. वारा उतरतो, पाऊस उतरत नाही. इथे सेवेतली एक फट दिसते. वादळ आत जाऊन डिप्रेशन झालं की बुलेटिनं मेरीलंडमधल्या कॉलेज पार्कच्या वेदर प्रेडिक्शन सेंटरकडे जातात. पुराची माहिती तिथे, आणि आपल्या तालुक्याची माहिती हवी तर स्थानिक हवामान कचेरीकडे, आमची लीग सिटीत आहे. नवख्या माणसाला वाटतं, हरिकेन सेंटर गप्प झालं म्हणजे संकट टळलं. बेरिलचे अवशेष इंडियानात आणि न्यूयॉर्क राज्यात टोर्नाडो घेऊन गेले आणि व्हरमाँटमध्ये पूर आणला. काही वादळं जमिनीऐवजी उत्तरेच्या थंड समुद्रावर जातात, उष्ण गाभा हरवून साध्या हिवाळी वादळासारखी होतात, आणि तशीही झोडपतात. २०१७च्या ओफिलियाने आयर्लंडला असंच झोडपलं होतं.

संकेतस्थळाचं रूप जुनाट आहे आणि मला ते आवडतं. दुबळ्या सिग्नलवरही मजकूर उघडतो, स्पॅनिशमध्येही मिळतो. केंद्राचं स्वतःचं ॲप नाही, त्यामुळे दुकानात मिळतात ती सगळी दुसऱ्यांची.

शेवटचं पान फारसं कुणी उघडत नाही: प्रत्येक वादळाचा अंतिम अहवाल, काही महिन्यांनी येणारा. सगळा डेटा पुन्हा चाळून ते स्वतःचेच आकडे दुरुस्त करतात. २०१८चं मायकेल फ्लोरिडाला आलं तेव्हा चौथ्या श्रेणीचं म्हणून जाहीर झालं, अहवालात ते पाचवीचं ठरलं. २०२२च्या इअनलाही २०२३च्या अहवालात समुद्रावर असतानाची पाचवी श्रेणी मिळाली. आपले अंदाज किती मैलांनी चुकले याचा तक्ताही त्यातच असतो, न लपवता. बेरिलचा अहवालही तिथे आहे. नाव मात्र आता निवृत्त झालं, यादीत त्या जागी ब्रियाना आली आहे. अहवाल पीडीएफमध्ये असतात आणि तक्ते फोनवर वाचवत नाहीत, तेव्हा लॅपटॉपवरच उघडा.